ध्रुवसागराचा नाद आणि करुणरस

कोणत्याहि नव्या कलेविषयीं पहिला प्रश्न ती सुंदर आहे कीं नाहीं हा असतो. ती आपल्याला कसलें माणूस बनविते, हा दुसरा प्रश्न बहुधा फार उशीरां विचारला जातो. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत युरोप व अमेरिकेंत एक कला रूढ झाली आहे, तिच्या बाबतींत मात्र हा दुसरा प्रश्न आधींच विचारावा असें आम्हांस वाटतें. ही कला अशी : उत्तर किंवा दक्षिण ध्रुवाजवळच्या समुद्रांत, बर्फाच्या थराखालीं, हायड्रोफोन नांवाचें पाण्यांतला आवाज टिपणारें यंत्र सोडावयाचें, तेथें सील, देवमासे, लहानमोठे मासे, कोळंबीच्या जातीचे बारीक जीव, फुटणारा बर्फ आणि वितळणारी हिमनदी यांचे जे आवाज सांपडतील ते मुद्रित करावयाचे, आणि मग एखाद्या शहरांतल्या अंधाऱ्या दालनांत चोहों बाजूंस ध्वनिक्षेपक मांडून ते श्रोत्यांवर सोडावयाचे. श्रोता मध्यें बसतो किंवा आडवा होतो. गायक नाहीं, वाद्य नाहीं, ताल नाहीं. अर्धा-पाऊण तास तो त्या आवाजांत बुडून असतो, आणि बाहेर येतो तो बहुधा प्रसन्न होऊन. या प्रसन्नतेची किंमत काय करावयाची, हा आमच्यापुढील प्रश्न आहे.

समुद्राचें पोट मुकें आहे ही समजूत फार जुनी. झाक कुस्तो या फ्रेंच दर्यावर्दी संशोधकाचा समुद्रतळावरचा सुप्रसिद्ध चित्रपट १९५६ सालीं निघाला, त्याचें नांवच मुळीं 'नि:शब्द जग' असें होतें. ज्यानें समुद्र इतका जवळून पाहिला त्यानेंहि त्याला नि:शब्द म्हणावें, याचें नवल वाटूं नये. मनुष्याचा कान हवेसाठीं घडलेला आहे. वस्तुत: पाणी हें आवाजाचें हवेपेक्षां कितीतरी चांगलें वाहन आहे. १८२६ सालीं कोलाडॉन व स्टुर्म या दोघांनीं जिनीव्हाच्या सरोवरांत एका नावेखालीं पाण्यांत घंटा वाजविली, त्याच क्षणीं वर दारूचा भडका केला, आणि कित्येक मैलांवरच्या दुसऱ्या नावेंतून भडका दिसणें व घंटा ऐकूं येणें यांमधला काळ मोजला. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारें १४३५ मीटर भरला. म्हणजे हवेंतल्या वेगाच्या चौपटीहून अधिक. या वेगाचा एक विलक्षण परिणाम होतो. आवाज एका कानाला दुसऱ्याच्या किंचित् आधीं पोंचतो, यावरून आपण त्याची दिशा ताडतों. पाण्यांत हें अंतर एक चतुर्थांशाहूनहि कमी होतें. शिवाय आवाज कवटीच्या हाडांतून थेट आंत शिरतो. त्यामुळें बुडी मारलेल्या माणसाला आवाज कोठून आला तें समजत नाहीं. तो सगळीकडून आला, किंबहुना आपल्या डोक्यांतच उठला, असें वाटतें. श्रोत्याला चोहों बाजूंनीं वेढणारी दालनांतली ती मांडणी पाहून कोणी तिला नुसती यांत्रिक करामत म्हणेल, तर तें अन्यायाचें होईल. पाण्याखालच्या मनुष्याच्या ऐकण्याची ती बरीच प्रामाणिक प्रतिकृति आहे. मनुष्याच्या, असें मुद्दाम म्हटलें; कारण सीलाला पाण्यांतहि दिशा चांगली कळते. तेव्हां दालनांत आपण ऐकतों तें समुद्राचें स्वत:चें ऐकणें नसून समुद्रांत गोंधळलेल्या पाहुण्याचें ऐकणें असतें.

या क्षेत्रांत इंग्लंडचे ख्रिस वॉटसन, अमेरिकेचे डग्लस क्विन (यांचा 'अंटार्क्टिका' हा ध्वनिसंग्रह १९९८ सालीं निघाला) आणि नॉर्वेच्या याना विंडरेन हीं नांवें ठळक आहेत. विंडरेन बाईंनीं कलेकडे वळण्यापूर्वीं गणित, रसायन आणि मत्स्यजीवन यांचा अभ्यास केला होता, आणि तो त्यांच्या कृतींत दिसतो. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका कृतीचा विषय आहे बॅरेंट्स समुद्रांतील बर्फाच्या कडेवरचा वसंत. हिंवाळ्यानंतर प्रथम ऊन येतें, बर्फाची कड मागें सरूं लागते, आणि त्या पट्ट्यांत सूक्ष्म वनस्पति एकाएकीं बहरतात. त्यांवर बारीक जीव, त्यांवर मासे, त्यांवर सील व देवमासे अशी पंगत बसते. हा बहर डोळ्यांना हिरवट पाण्याखेरीज फारसें कांहीं दाखवीत नाहीं. कानाला मात्र त्यांत काय काय मिळतें! दाढीवाल्या सीलाचा नर मादीसाठीं जो स्वर लावतो तो उंचावरून निघून गिरक्या घेत घेत खालीं उतरतो, कधीं मिनिटभर. अशी अखंड मींड घेण्यास आमच्या गवयांना दम पुरणार नाहीं. खालून विणीच्या हंगामांतल्या कॉड माशांचें घुमणें, आणि सगळ्याच्या मागें बर्फाची करकर.

आणि हिमनदीचा आवाज. हिमनदीचा बर्फ म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या पडून दाबलें गेलेलें हिम. त्याच्यांतली हवा त्या दाबानें बारीक बुडबुड्यांत कोंडली जाते. ही नदी समुद्राला मिळून तिचें मुख वितळूं लागलें म्हणजे ती कोंडलेली हवा तडतडत सुटते. तापल्या तेलांत मोहरी टाकावी, तसा तो आवाज; असे लक्षावधि दाणे एकदम तडतडावे तसा. अलास्का आणि अंटार्क्टिका येथील खाड्यांतल्या मोजणीवरून २०१५ सालीं प्रसिद्ध झालें कीं अशा हिमनदीच्या खाड्या समुद्रांतील सर्वांत गोंगाटाच्या नैसर्गिक जागांपैकीं आहेत. २००७ सालीं केटी पॅटर्सन या स्कॉटिश कलावतीनें आइसलंडांतील वात्नायोकुल हिमनदीच्या पायथ्याशीं असलेल्या सरोवरांत ध्वनिग्राहक सोडून तो टेलिफोनला जोडला होता. जगांतल्या कोणीहि एक क्रमांक फिरवावा आणि हिमनदी वितळतांना ऐकावी. तार लागे, पलीकडून कोणी 'कोण बोलतें?' असें मात्र विचारीत नसे.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. रोमन कवि ल्युक्रीशस यानें एक निष्ठुर वाटणारी गोष्ट नोंदून ठेवली आहे. खवळलेल्या समुद्रांत दुसऱ्याची चाललेली धडपड कांठावरून पाहण्यांत एक गोडी असते. दुसऱ्याचें दु:ख आवडतें म्हणून ती नसते, त्या दु:खांत आपण नाहीं हें जाणवतें म्हणून असते. अठराव्या शतकांत बर्क यानें भव्यतेची मीमांसा करतांना हेंच अधिक सभ्य शब्दांत मांडलें. आमच्याकडे मात्र या प्रश्नाचा खल ल्युक्रीशसच्या कांठावर थांबला नाहीं. करुण हा रस कसा, रडविणारी गोष्ट आनंद कशी देते, यावर अभिनवगुप्तानें साधारणीकरणाचें उत्तर दिलें : रंगभूमीवरचें दु:ख कोणा एकाचें राहत नाहीं, आणि तें कोणाचेंच नसल्यामुळें त्याचा आस्वाद घेतां येतो. मराठींत हाच वाद पुष्कळ वर्षें रंगला. १९२१ च्या बडोद्याच्या साहित्यसंमेलनांत न. चिं. केळकर यांनीं सविकल्प समाधीची उपपत्ति मांडली : वाचक दुसऱ्याच्या भूमिकेंत शिरतो, पण आपली भूमिका सोडीत नाहीं, या दुहेरी असण्यांतच आनंद आहे.

या सर्व उपपत्ति एका साध्या गोष्टीवर उभ्या आहेत, आणि ती इतकी उघड आहे कीं तिचा वेगळा उच्चार करण्याची फारशी गरज भासत नाहीं. 'एकच प्याला'च्या शेवटीं सिंधु मरते, पडदा पडतो, आणि तिची भूमिका करणारा नट उठून बसतो, तोंडाचा रंग पुसतो व जेवावयास जातो. १९१९ पासून सिंधु किती वेळां मेली असेल याची गणति नाहीं. पण तिच्या मरणांत कोणी मेलें नाहीं. प्रेक्षकाचे अश्रु निर्दोष आहेत ते याच कारणानें.

हिमनदीच्या आवाजांत नट उठून बसत नाहीं. तो तडतडाट म्हणजे वितळण्याचें वर्णन किंवा अनुकरण नसून खुद्द वितळणें आहे. शेंकडों वर्षें कोंडलेली हवा एकदां सुटली कीं तो बुडबुडा पुन: वाजावयाचा नाहीं, मुद्रिकेवर राहिला तेवढाच. येथें दु:ख साधारण झालेलें नाहीं. एका विशिष्ट अक्षांशावरच्या एका विशिष्ट बर्फाचा तो शेवट आहे, आणि तो ऐकून आपण प्रसन्न होतों. कोणा मरणोन्मुख माणसाच्या घरघरीचें मुद्रण दालनांत लावून तिच्या लयीची कोणी तारीफ करूं लागला, तर त्याला आपण रसिक म्हणणार नाहीं. मग हिमनदीच्या श्रोत्याला तरी कां म्हणावें?

यावर पहिला आक्षेप असा कीं बर्फ म्हणजे माणूस नव्हे. हा आक्षेप बरोबर आहे, आणि जे कोणी या ध्वनीला ध्रुवांचा 'विलाप' किंवा 'आक्रोश' म्हणतात त्यांनीं तो मनावर घ्यावा. बुडबुडा रडत नाहीं. दाढीवाला सील तर शोकापासून फारच दूर असतो. त्याचा तो लग्नाचा हंगाम! आपण आपल्या मनांतलें दु:ख त्याच्या गळ्यांत घालतों आणि मग त्याच्या गळ्यांतून तें ऐकून हळहळतों. उत्तर पॅसिफिक महासागरांतल्या एका देवमाशाची गोष्ट या बाबतींत बोलकी आहे. अमेरिकन आरमाराच्या ध्वनिग्राहकांना १९८९ पासून त्याची हांक ऐकूं येऊं लागली. ती सेकंदाला सुमारें ५२ कंपनांची होती, कांहीं इतर देवमाशांच्या हांकेपेक्षां चढी. शास्त्रज्ञांनीं १२ वर्षांच्या नोंदी २००४ सालीं शांतपणें प्रसिद्ध केल्या; जगानें त्या प्राण्याला 'जगांतला सर्वांत एकाकी देवमासा' ठरवून टाकलें. तो एकाकी होता कीं नाहीं हें त्या नोंदींत कोठेंच नव्हतें. एकाकी होते ते वाचणारे. अशा हळव्या कल्पना निरुपद्रवी असतात असें आम्हांस वाटत नाहीं. त्या दुसऱ्याला त्याच्या स्वत:च्या आयुष्यांतून हुसकून देऊन तेथें आपण राहावयास जातात.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. कानाला नाश ऐकूं येत नाहीं. वर सांगितलेल्या खाडीचा तडतडाट जितका जोराचा तितका ऐकणाराला अधिक मनोहर. पण तो जितका जोराचा तितकें वितळणें अधिक. पुढें हिमनदी मागें हटत हटत जमिनीवर गेली म्हणजे तो आवाज थांबेल आणि खाडी शांत होईल. ज्याला हें माहीत नाहीं त्याला पहिली अवस्था समृद्धीची वाटेल आणि दुसरी विश्रांतीची. 'एकदां ऐका, म्हणजे आपोआप प्रेम उत्पन्न होईल' असें या कलेच्या समर्थनार्थ वारंवार सांगण्यांत येतें. आपोआप काय उत्पन्न होतें तें आम्ही वर सांगितलेंच आहे : प्रसन्नता. बाकीचें शिकावें लागतें.

समर्थकांच्या बाजूनें एक मोठें उदाहरण आहे आणि तें न सांगणें अप्रामाणिकपणाचें होईल. १९७० सालीं रॉजर पेन यांनीं कुबड्या देवमाशांच्या गाण्याची तबकडी काढली. ती अफाट खपली. १९७९ सालीं 'नॅशनल जिऑग्राफिक' मासिकानें देवमाशांच्या आवाजाची एक पातळ तबकडी आपल्या अंकासोबत एक कोटीहून अधिक वाचकांना धाडली. १९८२ सालीं आंतरराष्ट्रीय आयोगानें व्यापारी शिकारीला स्थगिति देण्याचा ठराव केला व तो १९८६ पासून अमलांत आला. या ठरावामागें अनेक कारणें होतीं. पण लोकांच्या कानीं पडलेलें तें गाणें त्यांपैकीं एक होतें, हें कोणी नाकारणार नाहीं. केवळ ऐकण्यानें एवढें घडतें, तर आम्ही ऐकण्याला नांवें ठेवणारे कोण? परंतु देवमासा वांचला तो गात होता म्हणून. त्याच्या आवाजांत आलाप होता, पुनरावृत्ति होती, आपल्यासारखें कांहींतरी होतें. जो आपल्यासारखा गातो त्यालाच दया मिळावयाची असेल, तर कोळंबीच्या जातीच्या त्या बारीक जीवांनीं आणि नुसत्या करकरणाऱ्या बर्फानें कोणाकडे जावें? विंडरेन बाईंच्या कृतीचें आम्हांस मोल वाटतें तें येथें. त्यांत सील आहेत, देवमासे आहेत, पण त्यांना नायक करून बाकीच्यांना साथीला बसविलेलें नाहीं.

आतां एक तांत्रिक वाटणारा, पण नीतीचा प्रश्न. कान्ट यानें १७९० च्या आपल्या ग्रंथांत एक मासलेवाईक उदाहरण दिलें आहे. एक यजमान पाहुण्यांच्या सुखासाठीं झुडपांत एका पोराला लपवितो आणि त्याच्याकडून बुलबुलाचा आवाज काढवितो. लबाडी कळतांच तेंच गाणें पाहुण्यांना ऐकवत नाहीं. स्वर बदललेला नसतो. तो निसर्गाचा आहे हा विश्वास गेलेला असतो. ध्रुवसागराच्या श्रोत्याचा आनंदहि याच विश्वासावर चालतो. मग ध्वनिमुद्रणावर कलावंतानें किती हात फिरवावा? २०२० सालीं प्रसिद्ध झालें कीं अंटार्क्टिकांतील वेडेल सील मनुष्याच्या श्रवणमर्यादेपलीकडचे, सेकंदाला वीस हजारांहून अधिक कंपनांचे आवाज काढतात. ते खालीं उतरवून घेतल्याशिवाय आपल्याला ऐकूंच येणार नाहींत. असें उतरविणें आम्ही दुर्बिणीसारखें समजतों. सांगून केलें म्हणजे त्यांत फसवणूक नाहीं. पण जहाजाच्या यंत्राची घरघर, तेलाच्या शोधासाठीं पाण्यांत सोडलेल्या हवेच्या तोफांचे ठोके, हें सारें काढून टाकून जो 'शुद्ध' समुद्र श्रोत्याला दिला जातो, तो झुडपांतला पोरगा आहे. तसा समुद्र आज फार थोड्या जागीं उरला आहे. विरोधाभास असा कीं मुद्रण करावयाचें तर कलावंताला प्रथम आपल्याच जहाजाचें यंत्र बंद करावें लागतें, आणि ज्या प्रवासानें तो तेथवर पोंचला तो त्या यंत्रावांचून झालाच नसता.

आर्क्टिकचे मूळ रहिवासी हा समुद्र आपल्यापूर्वींच ऐकत होते. वल्हें पाण्यांत बुडवून त्याचा दांडा कानाशीं धरावयाचा, म्हणजे खालच्या सीलाची ती उतरती गिरकी ऐकूं येते. हें ऐकणें शिकारीसाठीं होतें. ज्याचा स्वर ऐकला त्याला मारावयाचें होतें. तरीहि आम्हांस तें दालनांतल्या ऐकण्यापेक्षां अधिक गंभीर वाटतें. कारण त्याला परिणाम होता. चुकीचें ऐकलें तर घरीं मांस व दिव्याला तेल येणार नाहीं, आणि बर्फाची करकर ओळखतां आली नाहीं तर आपणच परत जाणार नाहीं, हें त्या माणसाला ठाऊक होतें. तो कांठावर उभा नव्हता.

आपणहि कांठावर उभे नाहीं, आणि ल्युक्रीशस व रसशास्त्रज्ञ दोघेहि येथें सारखेच अपुरे पडतात. नॉर्वेच्या सत्तेखालील स्वालबार बेटांवर नी-ओलेसुंद येथें २००८ सालीं भारतानें 'हिमाद्रि' हें ठाणें उघडलें. त्याचा कारभार चालतो तो गोव्यांत वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडून. २०१४ च्या जुलैमध्यें तेथल्याच कोंग्सफ्योर्ड खाडींत भारतीय शास्त्रज्ञांनीं पाण्याखालीं नांगरलेली वेधयंत्रें सोडलीं. उत्तर ध्रुवाचा बर्फ आणि आमचा मोसमी पाऊस यांचा संबंध काय, हें शोधणें हा त्या खटाटोपाचा एक हेतु. हिमनद्यांचें पाणी समुद्रांत जातें, आणि तो समुद्र शेवटीं कोंकणच्या किनाऱ्यालाहि लागतो. उलट बाजूनें पाहिलें तर दालनांतले ध्वनिक्षेपक ज्या विजेवर चालतात ती बहुतेक ठिकाणीं अद्याप कोळसा किंवा वायु जाळूनच येते. नाटकगृहांत नट मरत नाहीं आणि प्रेक्षक त्याला मारीत नाहीं. येथें बर्फ खरोखर जातो, आणि श्रोत्याचा त्यांत, फार थोडा कां होईना, हात असतो. असें नाटक भरतमुनींच्या डोळ्यांसमोर नव्हतें.

म्हणून श्रोत्यानें अपराधी चेहरा करून बसावें काय? तसें आम्ही म्हणत नाहीं. आनंद झाला तर तो व्हावा. सीलाची मींड सुंदर आहे ती आहेच. आमचें म्हणणें इतकेंच कीं त्या आनंदाला करुणरस हें नांव देऊन त्याचे हक्क मागूं नयेत. रसाला जें ताटस्थ्य लागतें तें आपल्यापाशीं नाहीं. सील आपल्यासाठीं गात नाहीं, बर्फ आपल्याला कांहीं सांगत नाहीं; दुसऱ्याच्या घरांतलें बोलणें भिंतीपलीकडून कानावर पडावें तसें हें ऐकणें आहे, आणि अशा ऐकणाराला टाळ्या वाजविण्यापूर्वीं थोडा संकोच वाटला पाहिजे. बॅरेंट्स समुद्रांतली बर्फाची ती कड कोठें आहे असें मानावयाचें, यावर नॉर्वेच्या संसदेंत २०२० सालीं वाद झाला. कारण तिच्या पलीकडे तेलाचा धंदा करावयाचा नाहीं असें धोरण होतें. एप्रिल महिन्यांत शंभरांतले पंधरा दिवस बर्फ सांपडतो ती रेषा अखेर ठरली. शास्त्रीय सल्लागार ती याहून बरीच दक्षिणेस मागत होते. कड सरकते, बहर तिच्यामागोमाग सरकतो, सील दोन्ही बाजूंस गिरक्या घेतो. रेषा कागदावर स्थिर आहे.

या सर्व प्रकारांत आम्हांस सर्वांत प्रामाणिक वाटला तो कोणा कलावंताचा प्रयोग नव्हे. जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेनें अंटार्क्टिकांत, नॉयमायर ठाण्याजवळच्या एकस्ट्रोम हिमफलकावर, तरंगत्या बर्फाच्या जाड थराला भोकें पाडून त्यांतून खालच्या समुद्रांत ध्वनिग्राहक सोडले. 'पालाओआ' नांवाची ही श्रवणशाळा २००५ च्या अखेरीस सुरू झाली, आणि तेथें त्या क्षणीं जें ऐकूं येई तें कित्येक वर्षें जगांतल्या कोणालाहि घरबसल्या ऐकतां येत असे. संस्थेनें सोबत एक सूचना जोडली होती : हें प्रक्षेपण सुखानें ऐकण्यासाठीं नसून शास्त्रीय कामासाठीं आहे, प्राण्यांचे आवाज फार क्षीण येतील, आणि जवळपास एखादा हिमनग तुटला तर एकाएकीं अतिशय मोठा आवाज होईल, तेव्हां जपावें. दूरच्या सीलाचा स्वर ऐकूं यावा म्हणून ज्यानें आवाज वाढविलेला असे, त्याला दुसरा हात कळीवर ठेवूनच बसावें लागे.